धक्का

शिंदे की छावणीतल्या आमच्या गल्लीत
जानेवारीत पावणेसहाला
धुकं इतकं, की समोरचा नळ नुसता ऐकू येतो.
त्यात तिची मोटारसायकल.
बटण दाबलं की एक ठक्,
मग अर्धा फेरा,
मग पिस्टन वर येऊन अडतो
आणि समोरचा दिवा मिणमिणत
काजव्याएवढा होतो.

शाल्मली बाकरे. भितरवारच्या शाळेत गणित शिकवते.
गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकानं शर्यतीच्या नादात
उंच डोक्याचा पिस्टन घातला,
सिलिंडरचा माथा घासून घेतला,
आणि स्टार्टर ठेवला तोच, मुळातला,
दोन ब्रशांचा, मुठीएवढा.
पैलवानाला उठवायला शेंबडं पोर पाठवावं, तसं.

किक मारावी तर ती उलटी येते.
दिवाळीनंतर तिचा घोटा असा सुजला
की आठवडाभर खुर्चीत बसून अपूर्णांक शिकवले.

म्हणून धक्का.
मी, दूधवाला हरगोविंद, कानटोपीसकट मोहितेकाका,
कधी नमाजाहून परतणारे वहीदभाई.
दुसरा गिअर, क्लच दाबलेला, पळा पळा,
आता सोड!
मागचं चाक ओल्या फरशीवर घसरायचं,
मग एकदम धडधड,
आणि ती मागे न बघता हात वर करायची.
आम्ही धुरात उभे, दम लागलेले,
काहीतरी मोठं केल्यासारखं तोंड करून.

मी वाइंडर. कूलरच्या मोटारी, पाण्याचे पंप.
तांब्याची तार अंधारातही जाडीवरून ओळखतो.
सगळे म्हणाले, पिस्टन बदल, साधा घाल,
कॉम्प्रेशन उतरव.
ती म्हणाली, "दादा, रस्त्यावर हाच दम कामाला येतो.
तो कशाला कमी करायचा?"
खरंच की.
जो उठायला जड, त्यालाच आपण हलकं करत बसतो.
उठवणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

रविवारी मीटर लावला.
बटण दाबताच साडेबाराचे आठ.
केबल हाताला गरम. वीज वाटेतच खर्चत होती,
पगार घरी येईतो संपावा तशी.
अर्थिंगच्या बोल्टाखाली रंग निघाला,
हौसेनं दिलेला, लाल. खरवडला.
करंगळीएवढी जाड केबल टाकली.
नया बाजारातून चार ब्रशांची मोटार आणली,
ती निघाली तीन सूत लांब;
ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड केलं.
आतल्या क्लचचे रोलर झिजलेले, तेही बदलले,
नाहीतर नवा जोर नुसताच घसरला असता.
मोटार कोरी होती, तरी उघडून पाहिली.
दुसऱ्याच्या वेढ्यांवर माझा विश्वास नाही.

सोमवार, पावणेसहा.
सगळे जमले, हात चोळत.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिनं बटण दाबलं. पिस्टन वर आला,
श्वासभर थांबला
(मला वाटलं, गेलं)
आणि पलीकडे उतरला.
मग पुढचा फेरा, त्याच्या पुढचा,
आणि धडधड थेट
मोहितेकाकांच्या खिडकीच्या काचेपर्यंत.

"अरे," हरगोविंद म्हणाला.
त्याचे दोन्ही हात अजून पुढेच होते.

ती हात वर करून गेली,
रोजच्यापेक्षा चार मिनिटं आधी.
वहीदभाई म्हणाले, कमाल केलीस.
मोहितेकाकांनी कानटोपी काढली, परत घातली.

मंगळवारी मला त्याच वेळी जाग आली.
दार उघडलं. गाडी तर निघून गेलेली.
धुक्यात तिघे उभे होते,
आपापलं काही हरवल्यासारखे इकडेतिकडे बघत.
हरगोविंद कॅनचं झाकण लावत होता, काढत होता.

मी जरा वेळ गप्प राहिलो.
मग म्हणालो, बॅटरी मात्र तिची जुनीच आहे.

"किती जुनी?" काकांनी विचारलं,
लगेच.